हेअर ट्रान्सप्लांटचा निकाल कसा पाहावा आणि उरलेले केस कसे सांभाळावेत

हेअर ट्रान्सप्लांटला दहा-अकरा महिने झाले की माणूस आरशासमोर मान खाली घालून, डोळे वर करून स्वतःचाच टाळू पाहण्याची धडपड करू लागतो आणि मनात एकच प्रश्न असतो: पैसे वसूल झाले का? आरसा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, कारण त्या वेळी डोक्यावर दोन निराळ्या स्वभावांचे केस एकमेकांत मिसळून उभे असतात. एक मागून काढून पुढे लावलेले, आणि दुसरे तिथे जन्मापासून असलेले. पहिल्यांची संख्या वाढत असते, त्याच वेळी दुसऱ्यांची कमी होत असते, आणि डोळ्यांना दिसते ती या दोन्हींची गोळाबेरीज. म्हणून निकाल पाहायचा तर आधी हे दोन हिशेब वेगळे करावे लागतात.

पुरुषांच्या नेहमीच्या टक्कलात टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारे डीएचटी हे संप्रेरक कपाळावरच्या आणि भोवऱ्याभोवतीच्या केसांच्या मुळांवर परिणाम करते. केस एकदम जात नाही. प्रत्येक चक्रात तो थोडा अधिक बारीक, अधिक आखूड उगवतो आणि शेवटी त्याची लव होते. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातील केस मात्र डीएचटीला फारसे जुमानत नाहीत, आणि ते पुढे आणून लावले तरी आपला हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेन्ट्राइख यांनी ही गोष्ट १९५९ साली शोधनिबंधातून मांडली, आणि आजची सगळी शस्त्रक्रिया त्याच पायावर उभी आहे. तिची मर्यादाही त्यातच आहे: शस्त्रक्रियेने केसांची जागा बदलते, गळतीचे कारण जागच्या जागी राहते.

निकालाची तयारी शस्त्रक्रियेच्या आधी

वर्षानंतर तुलना करायची असेल, तर तुलनेला काहीतरी लागते, आणि ते क्लिनिकवर सोपवू नये. माझ्या बाबतीत क्लिनिकने आधीचे फोटो ओल्या केसांचे, डोक्यावर थेट दिवा धरून काढले आणि वर्षानंतरचे फोटो केस वाळवून, फुलवून, बाजूने उजेड घेऊन काढले. दोन्ही फोटो खरे होते, पण त्यांची तुलना खोटी होती. ओले केस एकमेकांना चिकटून जुड्या होतात आणि मधला टाळू उघडा पडतो. वाळलेले, थोडे वाढवलेले केस तीच उघडी जागा झाकून टाकतात. यात एकही नवा केस उगवावा लागत नाही.

म्हणून घरातली एक भिंत आणि एक खिडकी ठरवून घ्यावी. सकाळच्या ठरावीक वेळी, आदल्या रात्री शाम्पूने धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या केसांचे फोटो घरातल्या कुणाकडून तरी काढून घ्यावेत. स्वतः हात उंचावून काढलेल्या फोटोचा कोन दर वेळी बदलतो. समोरून, दोन्ही कानशिलांच्या बाजूने, मान पूर्ण झुकवून वरून, भोवऱ्यावरून आणि मागून, असे सहा फोटो पुरेसे होतात. समोरच्या फोटोत केस हाताने मागे ओढून कपाळावरची रेषा उघडी करावी. त्यानंतर केस ओले करून तेच सहा फोटो पुन्हा काढावेत. तेल लावलेले असेल किंवा टाळू लपवण्यासाठी केसांच्या रंगाची भुकटी शिंपडली असेल, तर त्या दिवशीचा फोटो हिशेबात धरू नये. केसांची लांबीही लिहून ठेवावी, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि दोन महिने कटिंग लांबवली एवढ्यानेही डोके भरल्यासारखे दिसते.

या सगळ्या फोटोंपेक्षाही अधिक उपयोगी ठरतो तो शस्त्रक्रिया संपल्यावर लगेच काढलेला फोटो. जिथे जिथे ग्राफ्ट, म्हणजे मागून मुळासकट काढलेला केसांचा छोटा पुंजका, बसवला, तिथे तिथे त्या दिवशी लाल ठिपका दिसतो, म्हणजे त्या एका फोटोत लावणीचा संपूर्ण नकाशा असतो. पट्टी बांधण्यापूर्वी तो आवर्जून मागून घ्यावा. नंतर कितीही पैसे मोजले तरी तो फोटो पुन्हा काढता येत नाही.

कागदावरच्या आकड्यांचेही तसेच आहे. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात आणि सरासरी साधारण दोन धरली जाते. त्यामुळे ‘सहा हजार केस लावले’ आणि ‘सहा हजार ग्राफ्ट लावले’ या दोन वाक्यांत दुपटीचा फरक पडतो. एकूण किती ग्राफ्ट बसवले, त्यांतले एक केसाचे किती, दोन केसांचे किती, तीन-चार केसांचे किती, आणि ते किती चौरस सेंटिमीटर जागेत बसवले, एवढे लेखी घ्यावे. समजा २८०० ग्राफ्ट ७० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट पडले. न विरळलेल्या डोक्यावर तेवढ्याच जागेत साधारण ७० ते ९० असतात. याचा अर्थ चांगल्या लावणीतही जुन्या घनतेच्या निम्म्याच्या आसपासच परत मिळते. ते पुरते, कारण जवळजवळ निम्मे केस जाईपर्यंत विरळपणा सहसा नजरेत भरत नाही. मात्र तेच २८०० ग्राफ्ट कपाळापासून भोवऱ्यापर्यंत दुप्पट जागेवर पसरवले, तर दर चौरस सेंटिमीटरला २०च येतात. अशा डोक्यावर प्रत्येक ग्राफ्ट जगला तरी टाळू दिसतच राहणार. हा भागाकार शस्त्रक्रियेआधी करणारे फार थोडे असतात.

केव्हा पाहू नये

भाताची रोपे खाचरात लावली की पहिले काही दिवस ती माना टाकतात आणि नवखा शेतकरी घाबरतो. इथे त्याहून वाईट दिसते. आठवड्या-दीड आठवड्यात खपल्या पडतात, रोवलेले बारीक केस उभे दिसतात, घरातले कौतुक करतात. आणि दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत तेच केस गळून पडतात. मूळ आतच असते, गळतो तो फक्त वरचा दांडा. यालाच जोडून आजूबाजूचे मूळचे केसही शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गळू शकतात, त्यामुळे दुसरा-तिसरा महिना हा आधीपेक्षाही वाईट दिसण्याचा काळ असतो. त्या काळातले फोटो काढून ठेवावेत. त्यांवरून मत मात्र बनवू नये.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस वर येऊ लागतात. ते सुरुवातीला बारीक असतात आणि कधीकधी चमत्कारिक वाकडेतिकडे येतात. जाड आणि सरळ व्हायला त्यांना आणखी अनेक महिने लागतात. सहाव्या महिन्यात साधारण अर्धे चित्र दिसते. पुढच्या भागाचा निकाल बाराव्या महिन्यात पाहावा, आणि भोवऱ्याचा पंधराव्या ते अठराव्या महिन्यात, कारण तिथे वाढ नेहमीच मागे राहते. सहाव्या महिन्यात ‘अजून हजार ग्राफ्ट टाकून घेऊ’ असे कुणी सुचवले, तर ते उगवायच्या आत दुबार पेरणी करण्यासारखे आहे.

वाट पाहण्याला अपवाद आहेत. नव्या केसांबरोबर एखाद-दुसरी पुटकुळी येणे नेहमीचे आहे. पण लाली पसरत असेल, पू येत असेल, ताप असेल, वेदना वाढत असतील किंवा कातडीचा एखादा भाग काळा पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बारावा महिना: काय पाहावे

पहिली नजर कपाळावरच्या रेषेकडे जाते, आणि ती हातभर अंतरावरून पाहावी, कारण समोर बसून बोलणारा माणूस तिथूनच पाहतो. नैसर्गिक रेषा ही रेषा नसतेच. तो एक विरळ, थोडा वेडावाकडा पट्टा असतो आणि त्यात एकेकटे बारीक केस असतात. अगदी पुढे दोन-तीन केसांचे जाड झुबके दिसत असतील, रेषा पट्टीने आखल्यासारखी असेल किंवा कानशिलाचा कोपरा भरून ती गोल फिरवलेली असेल, तर उगवण शंभर टक्के असली तरी काम चांगले झाले असे म्हणता येणार नाही. त्यानंतर केसांची दिशा पाहावी. कपाळावरचे केस पुढे झुकलेले, कातडीशी लहान कोन करून निघालेले हवेत. कानशिलावरचे तर जवळजवळ चिकटून, खाली-मागे वळलेले. ते काटकोनात उभे राहत असतील, तर रोज विंचरतानाच ही चूक हाताला जाणवते. कातडीवरून बोट फिरवून केसांच्या बुडाशी खळगे किंवा उंचवटे लागतात का, तेही पाहावे.

संख्येचा अंदाज घरीही घेता येतो. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला ब्लेडने एक सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी खिडकी पाडावी, पूर्वी पूर्णपणे उघड्या असलेल्या भागावर ते टेकवावे, केस एका बाजूला विंचरावेत आणि मोबाइलने अगदी जवळून फोटो काढावा. फोटो मोठा करून केस मोजू नयेत. केस ज्या ठिकाणांहून निघतात ती ठिकाणे मोजावीत, कारण एका ठिकाणाहून निघालेले दोन-तीन केस म्हणजे एकच ग्राफ्ट. तीन-चार जागी मोजून सरासरी काढावी. कागदावर ४० लिहिलेले असताना ३५-३६ मिळाले, तर पीक चांगले आहे. वीसच मिळाले, तर डॉक्टरांना विचारण्यासारखा प्रश्न हातात आला. अशी मोजणी जिथे आधीपासून केस होते तिथे करून उपयोग नाही, कारण तिथे दोन्ही हिशेब पुन्हा मिसळतात.

डोक्याच्या मागच्या भागाकडे बहुतेकजण वर्षभर पाहतच नाहीत. माझ्या बाबतीत हे काम न्हाव्याने केले. मशीनला एक नंबरची कंगवी लावता लावता ते थांबले, हातातला आरसा मागे धरला आणि हळूच म्हणाले, “दादा, मागे एक नंबर नको. ठिपके दिसतायत. तीन ठेवू या.” एफयूई पद्धतीत प्रत्येक ग्राफ्ट सुटा काढला जातो आणि तिथे बारीक पांढरा ठिपका राहतो, एफयूटी पद्धतीत कातडीची पट्टी काढतात, म्हणून एक आडवा व्रण राहतो. हे दोन्ही व्हायचेच. पाहायचे ते एवढेच, की ठिपके सगळीकडे सारखे पसरले आहेत, की एखाद्या भागातून अधाशीपणे काढल्यामुळे तिथे कसर लागलेल्या लोकरीसारखी चट्टे-चट्टे पोकळी दिसते. मागचा साठा आयुष्यभराचा असतो, बहुतेकांच्या बाबतीत पाच-सहा हजार ग्राफ्टच्या आसपासचा, आणि काढलेल्या जागी नवा केस येत नाही.

पोकळी दिसते आहे, ती कोणाची?

दीड-दोन वर्षांनी येणाऱ्या तक्रारींत ‘ट्रान्सप्लांट केलेले केस गळाले’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, आणि माझ्या मते त्यातील बऱ्याच वेळा ते चुकीचे असते. शस्त्रक्रियेच्या दिवशीचा लाल ठिपक्यांचा फोटो इथे बाहेर काढावा. आज दिसणारी पोकळी त्या ठिपक्यांच्या आत असेल आणि ती जागा पूर्वी उघडीच असेल, तर ग्राफ्ट जगले नाहीत किंवा कमी जगले. पोकळी ठिपक्यांच्या मागे किंवा कडेला असेल, तर तिथले मूळचे केस वयानुसार आणि वंशानुसार जात आहेत. सर्जनच्या हाताचा त्यात दोष नाही, पण हे होणार आहे असे त्याने आधी सांगितले होते का, हा प्रश्न जरूर विचारता येतो. विशीतल्या मुलाला कपाळावर खाली उतरलेली दाट रेषा लावून दिली आणि मागची गळती तशीच चालू राहिली, तर काही वर्षांनी पुढे केसांचा बांध, मागे कोरडे शेत आणि त्यापलीकडे पुन्हा केस, असे विचित्र दृश्य तयार होते.

नेमके निदान त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, करतात. शेजारशेजारचे केस जाडीला फार असमान दिसले, तर मूळचे केस बारीक होत चालल्याची ती खूण असते. सगळे केस सारखेच जाड असूनही कंगव्यात पुंजके येत असतील, तर मागच्या दोन-तीन महिन्यांतला डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटवलेले वजन आठवून पाहावे. ही गळती बहुधा आपोआप थांबते. थायरॉइड आणि लोहाची तपासणी याच टप्प्यावर उपयोगी पडते. केसांच्या बुडाशी लाली, खवले, आग होणे आणि गुळगुळीत चकाकणारी कातडी असेल, तर तो व्रण करून मुळे मारणारा आजार असू शकतो. तो आवरल्याशिवाय पुन्हा लावणी करणे म्हणजे मागचा साठा वाया घालवणे आहे.

चालू गळती आवरणे

मूळचे केस टिकवण्यासाठी ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे, अशी मुख्य औषधे दोनच आहेत, आणि दोन्ही चालू ठेवली तोवरच काम करतात. फिनास्टराइडची एक मिलिग्रॅमची गोळी रक्तातले डीएचटी जवळजवळ दोन तृतीयांशाने खाली आणते. अमेरिकेत पुरुषांच्या टक्कलासाठी तिला १९९७ साली मान्यता मिळाली. तिचे यश प्रामुख्याने गळती थांबवण्यात असते, म्हणून ‘काहीच फरक नाही’ असे वर्षभराने वाटले तर ते यशही असू शकते, आणि ते फक्त जुन्या फोटोंशी ताडूनच कळते. काही पुरुषांत कामेच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे, वीर्य कमी होणे असे त्रास होतात. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर ते जातात, काहींनी ते नंतरही राहिल्याचे सांगितले आहे. २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे नमूद केले आहे. म्हणून नैराश्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये, आणि गोळी घेताना मन खचत चालल्याचे जाणवले तर ती थांबवून लगेच डॉक्टरांना भेटावे. ही गोळी पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीचा आकडा सुमारे निम्म्यावर आणते. चाळिशी-पन्नाशीनंतर तपासणी करताना हे सांगितले नाही, तर वाढलेला आकडाही निर्धोक वाटू शकतो. रक्तदानाच्या वेळीही रक्तपेढीला सांगावे. गरोदर किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये, कारण पुरुष गर्भाला त्यापासून धोका असतो.

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध होते. पोटात घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून त्याचा टाळूवर लावायचा द्राव निघाला. पहिल्या दोन महिन्यांत जुने केस ढकलले जाऊन गळती वाढल्यासारखी वाटते आणि नेमक्या त्याच वेळी बरेच लोक बाटली टाकून देतात. किमान सहा महिने दिल्याशिवाय मत देऊ नये. द्रावाने खाज येत असेल तर फोम सोसतो का, ते पाहावे. ते टाळूवर लावायचे असते, केसांना चोपडायचे नसते, आणि शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा कधी सुरू करायचे हे सर्जनला विचारूनच ठरवावे. कमी मात्रेची मिनॉक्सिडिलची गोळीही आता अनेक डॉक्टर देतात. तिने पायांवर सूज, धडधड आणि चेहऱ्यावर केस येऊ शकतात, त्यामुळे हृदयविकार असणाऱ्यांनी मित्राच्या सांगण्यावरून ती सुरू करू नये. जाता जाता एक, कारण हे कुणी सांगत नाही: घरात मांजर असेल तर द्राव लावलेले डोके आणि उशीचा अभ्रा तिच्यापासून दूर ठेवावा, मांजरांना हे औषध थोडे चाटले तरी जीवघेणे ठरते.

पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रावाच्या, इंजेक्शनांनी काहींना फायदा होतो, पण पुरावे एकसारखे नाहीत, आणि वरच्या दोन औषधांना पर्याय म्हणून ती विकली जात असतील तर सावध राहावे. बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता क्वचितच असते. उलट मोठ्या मात्रेतले बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे बिघडवते, म्हणून तपासणीआधी ते घेत असल्याचे प्रयोगशाळेला सांगावे. तेलाने केस मऊ राहतात, मालिशने बरे वाटते. डीएचटीला त्याचे काही नाही.

स्त्रियांमध्ये भांग रुंद होत जातो, पुढची रेषा बहुधा टिकते, आणि मागचा पट्टाही विरळ असू शकतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आधी औषध आणि नीट निदान, शस्त्रक्रिया नंतर, हाच क्रम योग्य ठरतो.

दुसरी शस्त्रक्रिया, किंवा तक्रार

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार पहिलीला वर्ष उलटल्याशिवाय आणि औषधांनी गळती किमान वर्षभर स्थिर दिसल्याशिवाय करू नये. सल्ला देणाऱ्याला विचारायचे प्रश्न थोडे आहेत: मागे अजून किती ग्राफ्ट सुरक्षितपणे काढता येतील, पुढच्या वीस वर्षांत भोवरा मोकळा झाला तर त्यासाठी किती शिल्लक ठेवता, आणि छेद कोण घेणार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, की हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या पात्र डॉक्टरांनीच करायचे आहे, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे म्हणजे असे प्रशिक्षण नव्हे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. समुपदेशक म्हणून गोड बोलणारी व्यक्ती त्या यादीत सहसा सापडत नाही.

उगवण खरोखरच कमी झाली असे मोजणीतून दिसले, तर आवाज चढवण्याआधी कागद मागावेत. रुग्णाने लेखी मागणी केल्यास डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदींच्या प्रती द्यायच्या असतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे त्या जपून ठेवायच्या असतात. त्यांत ग्राफ्टची संख्या, शस्त्रक्रियेची वेळ, सर्जनचे नाव आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीचे फोटो यायला हवेत. ते आपल्या सहा अधिक सहा फोटोंच्या आणि कार्डाच्या खिडकीतून केलेल्या मोजणीच्या शेजारी मांडले, की दुसऱ्या एखाद्या सर्जनला अर्ध्या तासात मत देता येते. आणि मामला ग्राहक आयोगापर्यंत गेलाच, तर तिथेही हीच दोन पाकिटे, डॉक्टरांच्या नोंदींचे आणि आपल्या फोटोंचे, उघडली जातात.